ताडपत्रीखालची हळद

मुंबई आणि गडचिरोली यांच्या रेखांशांत सात अंशांचं अंतर आहे, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे डिसेंबरात मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, तर गडचिरोलीत साडेपाचच्या सुमारास. जवळजवळ अर्ध्या तासाचा हा फरक लग्नपत्रिकेवर कुठं छापलेला नसतो. तिच्यावर असतो तो गोरज मुहूर्त. नवरदेव मारुतीला नारळ वाहून धुमालच्या तालावर वऱ्हाड्यांसह नाचत मांडवात पोचतो, तोवर पाऊणेक तास वर गेलेला असतो आणि सागाच्या झाडांमागं उरलेलं आभाळ काळंनिळं होऊ लागलेलं असतं. पुण्याहून आलेला फोटोग्राफर पुण्याच्या हिशेबानं ‘अजून जरा उजेड आहे’ म्हणत बॅटरी बदलत असतो. तो उजेड इथं संपलेला असतो. त्यात दुपारपासून आभाळ आलेलं असेल, तर तो चारलाच संपायला सुरुवात झालेली असते.

वाईट हवेतल्या लग्नाचे फोटो म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येतं ते पाणी: कॅमेरा भिजणं, नवरीचा शालू चिखलात जाणं, अक्षता ओल्या होणं. हे सगळं होतं, पण फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे नाही, पाण्यापासून वाचण्यासाठी जे डोक्यावर ताणलं जातं त्यामुळे. ढगाळ हवेचा उजेड खरं तर चेहऱ्यासाठी फार चांगला. सगळं आभाळच दिवा झालेलं असतं, नाकाखाली काळी सावली पडत नाही, कुणी डोळे बारीक करत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना, डोक्यावरच्या उन्हात काढलेले नवरा-नवरीचे फोटो पाहिले, तर ढगांचे आभार मानावेसे वाटतील. भांडण आभाळाशी नाही, छताशी आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत हिवाळ्यात पाऊस येतो तरी कुठून, हे फोटोग्राफरनं एकदा समजून घ्यावं, कारण तो अगदीच न सांगता येत नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून येणारे वाऱ्यांचे विक्षोभ पूर्वेकडे सरकत असतात. एखाद्याचा द्रोणीय पट्टा दक्षिणेकडे खाली उतरला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आत आले, की दोघांची गाठ मध्य भारतावर पडते आणि विदर्भात गडगडाटासह पाऊस होतो. हवेचा वरचा थर थंड असल्यामुळे गारा जमिनीवर पोचेपर्यंत वितळत नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला झोडपून काढणारी गारपीट अजून शेतकरी विसरलेले नाहीत. २०२१ च्या डिसेंबर अखेरीसही विदर्भात गारा पडल्या. दुसरा मार्ग थेट समुद्राचा. ५ डिसेंबर २०२३ रोजी ‘मिचाँग’ चक्रीवादळ आंध्रात बापट्लाजवळ किनाऱ्याला धडकलं आणि त्याचे ढग पूर्व विदर्भापर्यंत आले. सिरोंचाचा माणूस नकाशात महाराष्ट्राचा असला, तरी हवेच्या बाबतीत त्याचा शेजार आंध्र-तेलंगणाचा आणि बंगालच्या उपसागराचा आहे. अशा दिवशी मुंबईच्या बातम्या पाहून उपयोग नाही. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज पाहावा, तोही निघण्यापूर्वी. एटापल्ली-भामरागडकडे गेल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

आणि नेमका हाच काळ लग्नांचा. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागायला लागतात. पण पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत पंचांगाइतकाच मान धानाला आहे. हलकं धान दिवाळीच्या आसपास निघतं, भारी धान त्यानंतर. कापलेल्या कडपा बांधीत वाळतात, मग त्यांचे पुंजणे रचले जातात, मग चुरणा, म्हणजे मळणी. धान विकून चुकारा हातात आला की बिछायत केंद्राला इसार दिला जातो आणि सोनाराकडची फेरी होते. म्हणजे अवकाळी पाऊस एकाच दिवशी मांडवावरही पडतो आणि पुंजण्यावरही. हे फोटोग्राफरनं लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं. नवरीचा बाप फोटोत हसत नाही, म्हणून त्याला तीन-तीनदा ‘काका, जरा स्माइल’ म्हणणारा पोरगा पाहिला की राग येतो. काकांचं लक्ष शेतात उघड्या पडलेल्या धानाकडे आहे. त्यांना मांडवाच्या खांबाला टेकून आभाळाकडे बघू द्यावं आणि तोच फोटो काढावा. अल्बममध्ये तो राहील.

आता छताकडे येऊ.

जुना मांडव बांबूचा आणि डहाळ्यांचा. वर जांभूळ, मोह, आंबा, जे जवळ असेल ते. उन्हात हा मांडव फोटोग्राफरचा वैरी असतो. पानांतून कवडसे पडतात, नवरीच्या एका गालावर उन्हाचा ठिपका आणि दुसरा गाल काळोखात. आभाळ आलं की कवडसे नाहीसे होतात आणि तोच मांडव एकदम सुरेख होतो: वरून थोडा, चारी बाजूंनी भरपूर उजेड. पण डहाळ्या गळतात. म्हणून पहिला थेंब पडताच कुणीतरी ओरडतं आणि धानावर घालायला आणलेली निळी ताडपत्री मांडवावर चढते. प्लॅस्टिकची ही ताडपत्री अर्धपारदर्शक असते आणि स्वतःतून निळाच उजेड खाली सोडते. त्याखाली पाटावर नवरी हळदीला बसलेली.

या ठिकाणी रसायनशास्त्र आडवं येतं. हळदीचा पिवळेपणा करक्युमिन या द्रव्याचा. ते जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतं आणि बाकीचा परतवतं, म्हणून पांढऱ्या उजेडात हळद पिवळी दिसते. पण उजेडच जर निळा असेल, तर परतवायला उरतंच काय? हळद मळकट, हिरवट-राखाडी दिसू लागते. आपल्याकडची सावळी-गव्हाळ कातडी परतवते तो मुख्यतः तांबूस-नारिंगी उजेड, त्याचीही तीच गत. ज्या विधीचा सगळा अर्थ पिवळ्या तेजात आहे, त्याच विधीत नवरी आजारी दिसते. ‘नंतर कॉम्प्युटरवर ठीक करू’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की कॅमेऱ्यातलं किंवा सॉफ्टवेअरमधलं व्हाइट बॅलन्स हे गुणाकाराचं गणित आहे. तांबडा प्रकाश कमी पडला असेल तर ते त्याला दुप्पट-चौपट करतं. मुळात आलेलाच नसेल, तर चौपट होतो तो फक्त दाणेदार कचरा. डोळा मात्र फसतो. मेंदू दोन-चार मिनिटांत त्या निळ्याला सरावतो आणि मांडवातल्या एकालाही काही खटकत नाही. घरी स्क्रीनवर पाहिल्यावर खटकतं.

म्हणून हळदीच्या आधी खिशातला पांढरा रुमाल काढावा. पाटाजवळ तो चेहऱ्याच्या उंचीवर धरावा, आणि मग मांडवाच्या कडेकडे एकेक पाऊल सरकत त्याच्याकडे पाहत जावं. मधोमध रुमाल निळा असतो. कडेच्या दोन-तीन हात आत तो एकाएकी पांढरा होतो, कारण तिथं बाजूनं येणारा उघड्या आभाळाचा करडा उजेड वरच्या निळ्याला मागं टाकतो. ती रेघ सापडली की निम्मं काम झालं. तिथं पाट न्यायचा. अडचण एवढीच की मुहूर्तमेढ मधोमध आहे आणि घरातल्या म्हाताऱ्या आजीला फोटोग्राफरची रेघ मान्य नाही. तिच्याशी वाद घालू नये. ती जिंकते, आणि तिनंच जिंकावं. मग पाट तिथंच ठेवून नवरीच्या तोंडासमोरची ताडपत्रीची कड दोन बांबू लावून वर उचलून घ्यायची, की उजेड पुढून आत येतो.

आतून पांढरं कापड लावलं तर निळेपणा जाईल अशी बिछायतवाल्यांची समजूत असते. जात नाही. वरून आलेला निळा उजेड पांढऱ्या कापडातून गाळूनही निळाच राहतो. उपयोगी पडते ती चंदेरी किंवा काळी, जाड, उजेड अजिबात न सोडणारी ताडपत्री. मांडव अंधारतो खरा, पण अंधारावर इलाज आहे, चुकीच्या रंगावर नाही. लग्नाच्या आठवडाभर आधी बिछायत केंद्राला फोन करून ‘पाऊस आला तर वर काय टाकणार?’ एवढं विचारलं आणि चंदेरी ताडपत्री बाजूला काढून ठेवायला सांगितली, तर महागड्या लेन्सनं होणार नाही एवढं काम होतं. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा शामियाना असेल तर त्यालाही हाच न्याय, फक्त रंग वेगळा: चेहरे तापल्यासारखे दिसतात, पण हळद तरी हळदच राहते.

हळदीचीच आणखी एक गंमत. रात्री डीजेवाला जांभळे दिवे लावतो, त्यांतल्या काहींत अतिनील किरणांचा अंश असतो. त्यात करक्युमिन स्वतः हिरवट-पिवळं चमकतं. सकाळी धुऊन टाकलेली हळद रात्री नाचणाऱ्या मामाच्या कोपरावर, मानेवर पुन्हा उमटलेली दिसते. आणि ताज्या चुन्याच्या भिंतीला हळदीचे हात लागले, तर ते ठसे तांबडे होतात, कारण करक्युमिन अल्कलीत लाल होतं. भिंतीवरचे ते ठसे ओल्या हवेत, सपाट उजेडात फार छान येतात.

पाऊस भुरभुर सोडून धो-धो यायला लागला, की लग्न हलतं. शाळेच्या व्हरांड्यात, समाजमंदिरात, आणि दोन्ही नसेल तर घराच्याच ओसरीत किंवा ढोरांच्या कोठ्यात. कोठा म्हटल्यावर नाक मुरडायचं कारण नाही. बैल बाहेर काढून, झाडून, शेणानं सारवून तासाभरात तो लग्नाला तयार होतो, आणि पक्क्या छताची, माणसं मावतील अशी कित्येक घरांतली तीच एक जागा असते. युरोप-अमेरिकेत हल्ली हौसेनं धान्याच्या जुन्या कोठारांत लग्नं लावतात आणि त्यासाठी भाडं मोजतात. इथं ते पावसानं फुकट घडवून आणलेलं असतं.

कोठ्यात शिरल्यावर पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही. हा अंधार किती, याचा आकडा घेतला तर बरं. उन्हातल्या अंगणात साधारण ऐंशी हजार लक्स उजेड असतो. एकच बल्ब लावलेल्या कोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात वीसेक लक्स. चार हजार पटींचा फरक आहे हा. १०० आयएसओवर उन्हात छिद्र १६ आणि सेकंदाचा शंभरावा भाग, हा जुना ठोकताळा. कोपऱ्यात त्याच चेहऱ्यासाठी आयएसओ ६४००, छिद्र २ आणि तोच सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. आजचे कॅमेरे ६४०० सहज पेलतात. त्यामुळे घाबरून जाऊन कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारू नये. मारला तर सारवलेली जमीन आणि धुरानं काळवंडलेले वासे उजेड गिळून टाकतात, परत काहीच देत नाहीत. पांढऱ्याफटक दोन चेहऱ्यांमागं काळी विहीर, असा फोटो येतो. फ्लॅश छताकडे वळवून मऊ करण्याची शहरी युक्तीही इथं लागू नाही. वर कवेलू किंवा तणस आहे, पांढरं पीओपी नाही.

कोठ्याला एक दार असतं, आणि कोठ्यातला सगळा फोटो त्या दारात आहे. बाहेर ढगाळ आभाळ, म्हणजे दार ही मोठी, मऊ, शांत खिडकी झाली. दारापासून दोन पावलांवर आणि सहा पावलांवर उजेडात सहज आठ-नऊ पटींचा फरक पडतो. बोहला आतल्या भिंतीला लावायची सगळ्यांना घाई असते, कारण तिथं पाणी येत नाही. तो दाराच्या बाजूला दोन-तीन पावलं आत आणि दाराला काटकोनात घ्यायला सांगावं. आंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना मग एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर हलकी छाया येते. दाराच्या समोरच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात असेल, तर छायेतला गालही सावरला जातो. नसेल तर कुणाचंही स्वच्छ पांढरं धोतर दोन पोरांना ताणून धरायला सांगावं. पोरं हे काम भलत्याच गंभीरपणे करतात. उरतो एकच शत्रू: दारात उभे राहून आत डोकावणारे पंचवीस पाहुणे. उजेड दारातून येतो आणि दारात मावशी उभी आहे. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी घरातल्याच एखाद्या वजनदार काकाला दार मोकळं ठेवायच्या कामावर नेमावं. फोटोग्राफरचं कुणी ऐकत नाही, काकांचं ऐकतात.

कोठ्यात वर माळ्यावर तणस रचलेलं असतं, हे विसरू नये. जुने हजार-हजार वॅटचे हॅलोजन दिवे अजून काही शूटिंगवाल्यांकडे आहेत. ते तणसाखाली लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

असे फोटो दाखवले की एक तक्रार हमखास येते: ‘फोटो काळा आला’. अर्धा चेहरा छायेत असणं म्हणजे बिघाड, आणि नवरी प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा दोन छटा गोरी दिसली म्हणजे काम चांगलं, अशी सवय अनेक वर्षांत स्टुडिओंनीच लावून ठेवली आहे. माझ्या मते ताडपत्रीच्या निळ्यापेक्षा हा दोष मोठा. निळेपणा अपघातानं येतो, चेहरा धुवून काढणं हे ठरवून केलेलं असतं. ज्यांना उजळ हवेत त्यांना दारात उभं करून चार फोटो उजळ द्यावेत, भांडू नये. पण कोठ्यातले कोठ्यासारखेच राहू द्यावेत.

पाऊसच फोटोत दिसावा असं वाटत असेल, तर त्याचंही गणित आहे. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगानं पडतो. सेकंदाच्या साठाव्या भागात तो चौदा-पंधरा सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे फोटोत रेघ उमटते. हजाराव्या भागात सेंटिमीटरही नाही, म्हणजे ठिपका. रेघा पावसासारख्या दिसतात, ठिपके धुळीसारखे. पण दोन्ही दिसायला मागं काहीतरी गडद हवं, आणि जंगलाच्या जिल्ह्यात ते फुकट मिळतं: ओलं सागवन, बांबूचं बेट, कोठ्याचं काळं दार. मागं पांढरं आभाळ असेल तर मुसळधार पाऊसही फोटोत गायब होतो. कॅमेऱ्यावर फ्लॅश असेल तर लेन्सजवळचे थेंब मोठाले पांढरे गोळे होऊन नवरदेवाच्या फेट्यावर बसतात. तोच फ्लॅश प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नवरा-नवरीच्या मागं, त्यांच्याकडे तोंड करून ठेवला, तर प्रत्येक थेंब मागून उजळतो आणि छत्रीच्या कडेला चांदीची झालर लागते. हा एकच फोटो घ्यावा. हल्ली सगळेच घेतात आणि दहा-दहा घेतात.

पाऊस थांबल्यावरची दहा मिनिटं सोन्याची असतात. सगळे तेव्हा चहाला जातात. त्याच वेळी ग्रूप फोटो उरकून घ्यावेत: अंगण ओलं असल्यामुळे आभाळाचा उजेड खालूनही वर येतो, हनुवटीखालची छाया निघून जाते. कुणाकुणाचे घ्यायचे, ती यादी आधी केलेली असली तरच हे जमतं. ‘भाऊ, पानी येऊन रायलं, लवकर काढा ना फोटो!’ ही आरोळी येण्याआधी आजा-आजीचा झाला पाहिजे.

विजेच्या दिव्यांबद्दल थोडक्यात. आपला वीजपुरवठा सेकंदाला पन्नास आवर्तनांचा, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर त्याहून वेगवान ठेवलं की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवला की जातात. वादळात लाइन गेली आणि जनरेटर लागला, की त्याचं आवर्तन भारानुसार मागंपुढं होतं आणि पट्टे परत येतात. तेव्हा पन्नासावर या, आणि श्वास रोखून धरा.

सगळीच लग्नं गोरज मुहूर्तावर लागत नाहीत. चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी. जिल्ह्यात बौद्ध वस्ती मोठी आहे, आणि अनेक घरांत वधूवर पांढऱ्या वेशात असतात. मुहूर्ताचं बंधन नसल्यामुळे लग्न दिवसाउजेडी होतं, ही फोटोग्राफरची चैन. पण पांढरं कापड दोन खोड्या करतं. एक म्हणजे आजूबाजूचा प्रत्येक रंग ते अंगावर घेतं, त्यामुळे निळ्या ताडपत्रीखाली साडी आकाशी होते. दुसरी, कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोर दिसेल त्याला मध्यम करडं धरून चालतो. पांढरी साडी त्याला ‘फार उजेड’ वाटते, तो फोटो दाबतो, साडी राखेसारखी आणि चेहरा काळा. अशा वेळी एक्स्पोजर एक पायरी वाढवावं. औष्णिक वीज केंद्र आणि खाणींच्या पट्ट्यात, चंद्रपूर-घुग्घूसकडे, थंडीत जमिनीलगतची हवा वर सरकत नाही आणि धूर-धुकं एकत्र साचतं. तिथला सकाळचा उजेड मुळातच तपकिरी असतो. पांढऱ्या वेशातल्या लग्नाला तिथं सकाळी अकराच्या आत फोटो सुरू करू नयेत.

दक्षिणेकडे, गोंड-माडिया गावांत शिरलं की आपली सगळी यादीच बदलते. आंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत. ढोल, आणि रात्र-रात्र चालणारं रेला नृत्य. पाणीही तिथं विघ्न असेलच असं नाही. आपल्याकडे लहानपणी कढईत खाल्लं की लग्नात पाऊस पडतो म्हणून पोरांना दटावतात. गोदावरीकाठच्या कोया लोकांच्या जुन्या नोंदींत मात्र नवरदेवाच्या डोक्यावर ओतलेलं पाणी नवरीच्या डोक्यावर ओघळलं की लग्न लागतं, असा विधी आहे. भिजणं हेच तिथं लग्न. या भागांच्या आसपासच्या गोंडांचे गंभीरपणे काढलेले फोटो १९४० च्या दशकातले आहेत: आदिलाबादकडे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचे, बस्तरकडे व्हेरियर एल्विन यांच्यासोबत फिरलेले छायाचित्रकार सुनील जाना यांचे. तेव्हा १०० च्या आसपासची फिल्मही वेगवान गणली जाई. आजच्या ६४०० चा चौसष्टावा हिस्सा. अंधारातला नाच त्यांना आपल्यासारखा सहज टिपता येणं शक्य नव्हतं. आपल्याला येतं, आणि म्हणूनच आपण जास्त उद्धट होऊ शकतो. रेल्याचं रिंगण पायांच्या ठेक्यावर चालतं, मध्येच फ्लॅश चमकला की ठेका चुकतो. विस्तवाचा उजेड पुरतो, पंधराव्या भागात हाताच्या ओळी हलून पुसट होतात, होऊ द्याव्यात. आणि परवानगी गावाच्या वडीलधाऱ्यांकडून आधी घ्यावी. लग्नाचं निमंत्रण म्हणजे कॅमेऱ्याचं निमंत्रण नव्हे. ड्रोनचं तर नावही पोलिसांना विचारल्याशिवाय काढू नये. या जिल्ह्यातल्या माणसांनी आकाशात घिरट्या घालणाऱ्या वस्तूंचे वेगळे अर्थ पाहिलेले आहेत.

विजा कडाडत असतील तर मात्र फोटो थांबवावेत, यात तडजोड नाही. पूर्व विदर्भात वीज पडून माणसं मरतात, बहुतेक शेतात आणि झाडाखाली. लोखंडी पाइपचा शामियाना विजेपासून मुळीच वाचवत नाही. उघड्यावर उंच केलेला धातूचा लाइट स्टँड आणि त्याच्या शेजारी उभा असलेला मदतनीस हे फार वाईट दृश्य. चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंद म्हणजे वीज साधारण एक किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सगळ्यांनी पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच बसावं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. रेंज असेल तोवर ते उघडं ठेवावं. नवरदेवाच्या मित्रांना मोकळ्या बांधीत छत्री घेऊन ‘एक फोटो’ हवा असतो. नाही म्हणायचं.

आता कॅमेरा. पाऊस लागून तो बंद पडला असं जेवढं सांगितलं जातं, त्याहून अधिक वेळा तो आतून ओला होतो. बाहेरच्या गारठ्यातून दोनशे माणसं आणि चार चुली असलेल्या कोठ्यात आला, की गार काचेवर दव बसतं. पुसलं तर परत बसतं. बाहेरून आत येताना कॅमेरा पिशवीतच, चेन लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवला की काच हवेइतकी कोमट होते आणि प्रश्न मिटतो. तेवढ्या वेळासाठी दुसरा कॅमेरा आधीपासून आत ठेवलेला असावा. पावसात काढायचं तर साधी प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक आणि रबरबँड पुरतो, लेन्सवर हूड उलटा न लावता सुलटा लावलेला. छत्री धरायला माणूस घ्यावा, तीही काळी किंवा पांढरी. लाल छत्रीखालचा नवरदेव सगळ्या अल्बमभर लाल राहतो.

घरी आल्यावर सगळं सामान बॅगेबाहेर, पंख्याखाली, रात्रभर. ओलसर बॅगेत राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. ती काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, तिच्या आम्लानं काचेवरचा थर खरवडला जातो, आणि मग कितीही पुसलं तरी डाग राहतो. धानाच्या मुलखात सगळे ‘तांदळाच्या डब्यात ठेव’ सांगतात. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याचा पिठूळ कोंडा रिंगमध्ये शिरतो. सिलिका जेलच्या पुड्या घ्याव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले असं समजून पुडीबाहेर काढावेत आणि मंद आचेवर तव्यात परत निळे होईपर्यंत फिरवावेत. तो तवा पोळ्यांचा नसावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रह्मपुरीला लग्न असेल, तर पंखा लावण्याआधी कार्डातले फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्यावेत, कारण वादळानंतरच्या रात्री लाइन कधी जाईल ते महावितरणही सांगू शकत नाही.